तिसऱ्या तासाला न टोचणारा हेडफोन

हेडफोन घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी कंपनीचे नाव विचारतो, मग बॅटरी किती तास चालते ते विचारतो आणि शेवटी किमतीवर येतो. प्रवासात गाणी ऐकायची असतील तर या तिन्हींच्या आधी एक प्रश्न हवा: तुम्ही बसणार कशात? छत्रपती संभाजीनगरातून बाहेर पडायच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाटेवरचा आवाज निराळा. मध्यवर्ती बसस्थानकावरून पुण्याला जाणारी साधी एसटी, त्याच रस्त्याने जाणारी विजेवरची ई-शिवाई, मुंबईची तपोवन एक्स्प्रेस, रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, बंद काचांची वंदे भारत, समृद्धी महामार्गावरची मोटार, चिकलठाण्याहून उडणारे विमान आणि वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांची रोजची कंपनी बस. विमानात सुखाचा वाटलेला हेडफोन मे महिन्यातल्या एसटीत तासाभरात काढून ठेवावासा वाटतो.

आरामदायी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मऊ गाद्या येतात. गाद्या मऊ हव्यातच, पण माझ्या मते प्रवासातल्या हेडफोनची खरी कसोटी वेगळी आहे. आवाज कमी ठेवूनही गाणे नीट ऐकू येते का आणि तिसऱ्या तासाला तो कानावर आहे हे विसरायला होते का, एवढेच पाहायचे. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. कानात नीट न बसणारा इअरफोन बाहेरचा गोंगाट आत येऊ देतो, म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि वाढवलेला आवाज तासाभराने कान आणि डोके दोन्ही थकवतो. दोष मात्र आपण प्रवासाला देतो.

हा वाढवलेला आवाज किती महागात पडतो, ते आकड्यांत पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो. 85 डेसिबलला ही मुदत साडेबारा तासांवर येते, 90 ला फक्त चार तासांवर आणि 100 डेसिबलला जेमतेम वीस मिनिटांवर. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली आहे, 40 तासांसाठी 75 डेसिबल. आता आपल्या शहरातली कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात राहतात आणि शनिवार-रविवारी घरी येतात. नेवासा फाटा, अहिल्यानगर, शिरूर करत एका बाजूला पाच-सहा तास, म्हणजे जाऊन-येऊन दहा-बारा तास. एवढा वेळ 85 डेसिबलने गाणी ऐकली तर आठवड्याची जवळपास सगळी मुभा या एका प्रवासातच संपते. खिडक्या उघड्या असलेल्या बसमध्ये इंजिन, वारा आणि हॉर्न मिळून बाहेरचाच आवाज 80 च्या घरात जाऊ शकतो. त्यावर गाणे ऐकू यायचे तर ते त्याहून वर न्यावे लागते. साध्या, सैल इअरफोनने तिथे दुसरा मार्गच उरत नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांची अडचण आणखी मोठी आहे. सिनेमातले आजचे गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळपास एकाच पातळीवर मोठे असते. गोंगाटातही ते तग धरते. विलंबित ख्यालाचे तसे नसते. आलापी हलक्या आवाजात सुरू होते, तासाच्या शेवटी तान कडाडते, आणि दोन्हींमध्ये आवाजाचे मोठे अंतर असते. आलाप ऐकू यावा म्हणून बसमध्ये आवाज वाढवला की द्रुताला कान दुखतात. शिवाय गाडीच्या इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि ती नेमकी तानपुऱ्याचा खर्ज आणि तबल्याचा डग्गा गिळते. मग ऐकणारा बास वाढवतो आणि सगळे गाणे घुमायला लागते. पं. नाथराव नेरळकरांसारख्यांच्या मैफलींनी ज्या शहराचे कान घडवले, तिथल्या श्रोत्याने प्रवासात डग्ग्याशिवाय गाणे ऐकावे याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून ख्याल, ध्रुपद, सतार ऐकणाऱ्यांनी पैसे आधी बाहेरचा आवाज अडवण्यावर खर्च करावेत. आवाजाचा उंची दर्जा, तो वायरलेस पाठवणारे महागडे कोडेक वगैरे नंतर. चालत्या बसमध्ये तो फरक कळतही नाही.

बाहेरचा आवाज अडवायचा सगळ्यात स्वस्त उपाय इअरबडच्या डबीतच पडून असतो आणि बहुतेक लोक तो उघडतही नाहीत. इअरबडसोबत लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टिपांच्या जोड्या मिळतात. कारखान्यातून मध्यम लावून येते आणि आपण तीच कायम ठेवतो. पण कानाची वाट प्रत्येकाची निराळी असते, आणि एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या कानातही फरक असू शकतो. त्यामुळे एका कानात मध्यम आणि दुसऱ्यात लहान टिप लावावी लागली तर त्यात काही वावगे नाही. टिप बसवताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे हलकेच ओढा, बड आत ठेवून किंचित फिरवा आणि पाळी सोडा. नीट बसले की गाणे सुरू नसतानाही पंख्याचा आवाज लांब गेल्यासारखा वाटतो आणि आपला स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. बोलताना, चघळताना बड सैल होत असेल तर टिप लहान आहे. दहा मिनिटांत कानाच्या तोंडाशी ठणका लागत असेल तर ती मोठी आहे. रबर कुठलेच जमत नसेल तर फोमच्या टिपा वेगळ्या विकत मिळतात. त्या चिमटीत दाबून कानात ठेवायच्या आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायच्या. इंजिनाचा आवाज त्या रबरापेक्षा बऱ्याचदा चांगला अडवतात. त्या घामाने लवकर खराब होतात, दर काही महिन्यांनी बदलाव्या लागतात, एवढाच त्यांचा खर्च.

दुसरा उपाय म्हणजे गोंगाट यंत्राने कमी करणे, ज्याला बाजारात नॉइज कॅन्सलेशन किंवा एएनसी म्हणतात. हेडफोनवरचे छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात, आतले सर्किट त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना त्यासाठी 1936 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते. प्रवाशांपर्यंत ती आणण्याचे श्रेय मात्र अमर बोस यांना जाते. बंगाली वडिलांचा हा मुलगा अमेरिकेत प्राध्यापक होता. 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातल्या हेडफोनमधले संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडून गेलेले पाहून त्यांनी त्याच प्रवासात गणिते मांडायला घेतली. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट 1989 मध्ये बाजारात आला आणि सामान्य प्रवाशांसाठीचा 2000 मध्ये.

एएनसीचा जन्म विमानातला असल्याने त्याचे बळही तिथलेच आहे. एकसारखी, खालच्या पट्टीतली घरघर ते फार छान कमी करते: विमानाचे इंजिन, डिझेल बसचा घोष, वातानुकूलित डब्यातली सततची घूं-घूं. अचानक येणारे आणि वरच्या पट्टीतले आवाज त्याला तितकेसे जुमानत नाहीत. मागच्या सीटवरचे रडणारे बाळ, मनमाडला डब्यात शिरणारे विक्रेते, नेवासा फाट्यावरचे हॉर्न हे सगळे एएनसी चालू असतानाही ऐकू येते. दुकानात ‘सगळा आवाज बंद’ असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. हॉर्न आणि बोलणे अडवायचे काम शेवटी टिप किंवा कानावरची गादीच करते. दोन हजारांचा एएनसी बड सैल बसत असेल तर हजाराचा साधा पण घट्ट बसणारा बड त्याहून उजवा. ई-शिवाई किंवा वंदे भारतमध्ये इंजिनाचा खडखडाट मुळातच कमी असतो. केवळ अशाच प्रवासासाठी एएनसीवर फार पैसे घालू नयेत. डिझेल बसने आणि विमानाने वारंवार जाणाऱ्यांनी मात्र जरूर घालावेत. आणखी एक खबरदारी: एएनसी सुरू केले की काहींना कानात दाब आल्यासारखे होते, थोडे गरगरते. ते सवयीने जाईल अशी आशा न धरता दुकानातच दहा मिनिटे तपासावे.

आता पूर्ण कान झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनकडे येऊ. त्यांचा आवाज मोकळा असतो, कानाच्या आत काहीच शिरत नाही, बॅटरी वीस-तीस तास पुरते. आराम मात्र तीन गोष्टींवर ठरतो. पहिली गोष्ट वजन. सोनीचा डब्ल्यूएच-1000एक्सएम4 सुमारे 254 ग्रॅमचा आहे, तर ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स 385 ग्रॅमच्या आसपास. हातात घेतल्यावर हा फरक किरकोळ वाटतो, मान मात्र तो शिरूरच्या पुढे मोजायला लागते. प्रवासासाठी अडीचशे ग्रॅमच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे. दुसरी गोष्ट पकड. डोक्याला किती घट्ट धरतो हे चष्मा असणाऱ्यांनी फार काळजीने पाहावे, कारण चष्म्याची काडी गादी आणि कवटी यांच्यामध्ये सापडते आणि अर्ध्या तासात कानशील ठणकू लागते. जाड काडीमुळे गादीला फट पडते ती वेगळीच, आणि तिथून गोंगाट आत येतो. तिसरी गोष्ट वाटीची खोली. बाहेर आलेले कान आतल्या जाळीला टेकत असतील तर गाद्या कितीही मऊ असल्या तरी कानाची कड दुखणार.

आणि आपल्याकडे ऊन आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा रेक्झिनसारख्या गादीखाली कान अक्षरशः घामेजतो. त्या घामाने गादीचे वरचे आवरण वर्ष-दीड वर्षात सोलवटते. कापडी किंवा मखमली गादीत हवा खेळते, पण ती आवाज थोडा जास्त आत सोडते. माझा सल्ला सरळ आहे. वातानुकूलित डब्यात, विमानात किंवा मोटारीत जाणार असाल तर मोठा हेडफोन घ्या. खिडकी उघडून जाणाऱ्या बससाठी तो घेऊ नका. घेतलाच तर गाद्या सुट्या विकत मिळतात का आणि हाताने बदलता येतात का हे आधी विचारा. नाहीतर दोन वर्षांनी चांगला चालणारा हेडफोन केवळ गाद्यांसाठी फेकावा लागेल. तो घडी होतो का हेही पाहा. काही महागडे हेडफोन घडी होत नाहीत आणि त्यांची पेटी सॅकमधली अर्धी जागा खाते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कुठलाच हेडफोन ठेवू नये, बॅटरी आणि गाद्या दोन्ही लवकर जातात.

कान पूर्ण न झाकता फक्त वर टेकणाऱ्या हेडफोनबद्दल थोडक्यात सांगतो: लांबच्या प्रवासाला घेऊ नका. पाळीवर दाब येतो आणि आवाजही अडत नाही.

नेकबँडला शहरी तरुण आता जुना समजतात, मला मात्र एसटीसाठी तो सगळ्यात शहाणपणाचा पर्याय वाटतो. बसने खड्डा घेतला आणि कानातला बड निसटला तर तो गळ्यातच लोंबतो. सुटा बड सीटखाली घरंगळला तर सामानाच्या पिशव्यांमधून तो शोधणे कठीण. कुणी बोलायला लागले तर पटकन काढता येतो, बॅटरीही सुट्या बडपेक्षा जास्त चालते. उणीव एवढीच की सीटला मान टेकली की मागची पट्टी टोचू शकते. म्हणून पट्टी लवचिक आणि बारीक असलेलाच निवडा. लांब केस, अंबाडा किंवा गजरा असेल तर पट्टी त्यात अडकते का हे घालून पाहा. आपल्याकडे उन्हासाठी स्कार्फ बांधणाऱ्या बहिणींनी बड स्कार्फच्या आत घालून पाहावेत. कापड बडवरच्या बटणाला लागले की गाणे आपोआप थांबते-सुरू होते. मोठे झुमके आणि मोठा हेडफोन यांचे जमत नाही. गांधी टोपी घालणाऱ्या आजोबांच्या डोक्यावरची पट्टी सरकते, त्यांना नेकबँड किंवा साधा वायरचा इअरफोन बरा. वायरवाल्याला चार्जिंगची चिंता नाही, जोडणीचा घोळ नाही. फोनला गोल भोक नसेल तर यूएसबी-सी वायरचा घ्यावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी वेगळा हेडफोन घेण्याआधी आपले यंत्र फोनला थेट जोडता येते का ते श्रवणतज्ज्ञांना विचारावे. बऱ्याच नव्या यंत्रांत ती सोय असते.

देवगिरीने रात्री मुंबईला जाताना कुशीवर झोपून ऐकायचे असेल तर मोठा हेडफोन बादच. बाहेर दांडी आलेले बडही उशीवर टोचतात. कानाच्या खोबणीत सपाट बसणारे छोटे बड घ्यावेत आणि फोनमध्ये ठरावीक वेळाने गाणे बंद होणारा टायमर लावावा. दिवसा तपोवनने जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. इगतपुरी सोडल्यावर कसाऱ्याच्या घाटात बोगदे लागतात, उघड्या खिडकीतून गाडीचा आवाज दुपटीने आदळतो आणि हात आपोआप आवाज वाढवतो. बोगदा संपतो, वाढवलेला आवाज मात्र कल्याणपर्यंत तसाच राहतो. त्यामुळे फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कमाल आवाजाची मर्यादा एकदा घालून ठेवा. आयफोन आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ती सोय आहे. सर्वसाधारणपणे साठ टक्क्यांच्या वर जाऊ नये. साठ टक्क्यांवर गाणे नीट ऐकू येत नसेल तर बहुधा टिप चुकलेली आहे. घाटात नेटवर्कही जाते-येते, म्हणून गाणी घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या.

खरेदीला गुलमंडी, निराला बाजार, कॅनॉट किंवा मॉल, कुठेही जा, पण घाईत जाऊ नका. नेहमीचा चष्मा लावून जा, नेहमीचे कानातले घालून जा. मोठा हेडफोन दुकानात निदान पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. कानात घालायचे बड स्वच्छतेमुळे बऱ्याच ठिकाणी घालून पाहू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. तिथे नमुन्याचा नग आणि नव्या टिपा मागा. ओळखीचे गाणे स्वतःच्या फोनवरून लावा. दुकानदाराचे धडधडणारे गाणे प्रत्येक हेडफोनवर छानच वाजते. शांत आलाप लावून रस्त्याकडच्या दाराशी उभे राहा आणि आवाज किती ठेवावा लागतो ते पाहा. दोन हेडफोनमधला निवाडा तिथे लागतो.

वायरलेस हेडफोनला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’पासून सुरू होणारा क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो टाकला की खरा-खोटा कळतो. नावाजलेल्या कंपनीची हुबेहूब नक्कल अर्ध्या किमतीत विकली जाते तेव्हा ही दोन मिनिटे वाचवू नयेत. कानाला चिकटून बसणारी बॅटरी आहे ती. पावती घ्या, वॉरंटीसाठी नग शहरातच जमा करता येतो की पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो हे विचारून घ्या.

घेतल्यावर जपणेही आहे. पावसाळ्यात कानात ओल राहून बुरशी होण्याचे प्रकार वाढतात, बंद टिपेने ती ओल आतच कोंडते. अंघोळ झाल्या झाल्या बड घालू नयेत. टिपा काढून धुवाव्यात, पूर्ण वाळवाव्यात आणि आपला बड कुणालाही, मैत्रिणीलाही देऊ नये. कान वाहत असेल तर बरा होईपर्यंत हेडफोन बंद. प्रवासानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखी राहिली तर ती सूचना समजा. आवाज कमी करा, आणि दुसऱ्या दिवशीही राहिली तर घाटी रुग्णालयातल्या किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

दोन्ही कान केव्हा बंद ठेवू नयेत हेही पक्के असावे. स्वतः गाडी चालवताना हेडफोन घालू नये, दुचाकीवर तर मुळीच नाही. फलाटावर, रूळ ओलांडताना, रस्ता पार करताना कान मोकळे हवेत. रात्री एकट्याने प्रवास करणाऱ्या मुलींनी एकाच कानात बड ठेवावा. त्यासाठी फोनमधला ‘मोनो’ पर्याय सुरू करावा, म्हणजे दुसऱ्या बाजूचे वाद्य हरवत नाही. आणि हेडफोन नसताना फोनवर मोठ्याने गाणी लावून शेजाऱ्याला छळू नये. एसटीने 2023 मध्ये आणि रेल्वेने त्याच्या आदल्या वर्षी त्यासाठी सूचना काढल्याच आहेत, पण त्या नसत्या तरी आपण असे करू नये.

हेडफोन बदलून द्यायची मुदत ऑनलाइन असो की दुकानात, बहुधा थोड्याच दिवसांची असते आणि काही ठिकाणी उघडलेले बड परत घेतच नाहीत, हे पैसे देण्याआधी वाचा. मुदत असेपर्यंत घरी बसून तीन तास तो घाला. मग एखाद्या सुट्टीला वेरूळ, पैठण किंवा जालन्याच्या साध्या बसने जाऊन या. येताना कानशील दुखले, मान अवघडली किंवा आवाज सत्तर-ऐंशी टक्क्यांवर न्यावा लागला, तर संकोच न करता तो दुसऱ्याच दिवशी परत करा आणि नागपूरसारख्या लांबच्या प्रवासाच्या तिकिटाआधी दुसरा घ्या.